लहान संख्यांचे प्रचंड घात: नेमके काय काढायचे आणि किती कष्टाने?

स्नेहलतागंजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर मी इंदूरमध्ये घरीच काही मुलांना गणित शिकवतो. घातांकांचा धडा आला की कोणी ना कोणी विचारतेच, "२^१०० म्हणजे नेमके किती?" (येथे घातांक वर चढवून टंकता येत नाही, म्हणून २^१०० हे 'दोनाचा शंभरावा घात' असे वाचावे.) माझे उत्तर ठरलेले असते. दोनाचा लॉग ०.३०१०३ आहे, त्याला शंभराने गुणले की ३०.१०३ येतात, म्हणजे संख्या ३१ अंकी आहे, आणि ०.१०३ चा अँटिलॉग सुमारे १.२६८ असल्यामुळे ती साधारण १.२६८ गुणिले १०^३० एवढी आहे. एका मिनिटात काम होते.

माझे मत असे की उरलेले सत्तावीस अंक शोधत बसणे हा निव्वळ अट्टहास आहे. कोणत्याही प्रयोगशाळेत एकतीस अंकांपर्यंत मोजमाप होत नाही, मग एवढी अचूक संख्या घेऊन करायचे काय? तरीही मुले ऐकत नाहीत, म्हणून दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. पहिला, पूर्ण संख्या काढण्याला काही अर्थ आहे का? दुसरा, काढायचीच झाली तर कागद-पेन्सिलीने सर्वांत कमी कष्टाचा मार्ग कोणता?

छप्पन

चर्चा सुरू होण्यापूर्वी एकच नम्र विनंती आहे. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाची गोष्ट कोणीही सांगू नये.

मांडवी

बडोद्याहून लिहीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला फार सरळ वाटते: दुप्पट करत जावे. २, ४, ८, १६ असे शंभर ओळींपर्यंत गेले की झाले. प्रत्येक ओळीत हातचा शून्य किंवा एक यापलीकडे जात नाही, पाढे पाठ असण्याचीही गरज नाही, आणि दर दहा ओळींनी मागची पडताळणी करता येते. मोठमोठे गुणाकार करून चुका शोधत बसण्यापेक्षा हा मार्ग शांत आहे. माझ्या लहानपणी सुट्टीतील दुपारी आम्हा भावंडांना याच कामाला बसवले जात असे, आणि घर निवांत राहावे हा त्यामागचा खरा हेतू आता ध्यानात येतो.

छंदोमयी

स्नेहलतागंजकर काका, मी संस्कृत शिकवते, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला गणिताच्या नव्हे तर छंदःशास्त्राच्या पुस्तकात भेटले. पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या आठव्या अध्यायात चार छोटी सूत्रे आहेत: द्विरर्धे। रूपे शून्यम्। द्विः शून्ये। तावदर्धे तद्गुणितम्। प्रश्न असा आहे की चरणात जितकी अक्षरे असतील, त्यांतील प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकते, तर एकूण किती वृत्ते संभवतात? अर्थात दोनाचा तितकावा घात. पिंगल मात्र दोनाला दोनाने पुन्हा पुन्हा गुणायला सांगत नाही.

सहा अक्षरांचा चरण घेऊ. सहा सम आहेत, म्हणून अर्धे करावे आणि बाजूला 'दोन' अशी खूण लिहावी; तीन उरले. तीन विषम आहेत, म्हणून एक वजा करून 'शून्य' लिहावे, दोन उरले. दोनाचे अर्धे करून 'दोन' लिहावे; एक उरला. एकातून एक वजा करून 'शून्य' लिहावे. आता खालून वर यावे. एकापासून आरंभ करून, शून्याच्या खुणेला दुप्पट आणि दोनाच्या खुणेला वर्ग करावा: २, मग ४, मग ८, मग ६४. टीकाकार हलायुधाने दहाव्या शतकात हीच रीत उलगडून सांगितली आहे. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांना ती लावली की अर्धे करण्यापूर्वी दोनदा एक वजा करावा लागतो, पुढे सरळ अर्धी होत जातात, आणि उत्तर येते ५२४२८८. एकोणीस अक्षरांच्या इतक्या मांडण्यांतून कवींनी वापरल्या किती, हा निराळाच प्रश्न.

हीच युक्ती शंभराला लावावी. १००, ५०, २५, २४, १२, ६, ३, २, १ असे उतरायचे आणि परत चढायचे. सहा वर्ग आणि दोन दुपटी, एवढ्यात २^१०० हाती येतो.

मांडवी

ताई, आठ पायऱ्या आणि शंभर पायऱ्या यांची तुलना ऐकायला छान वाटते. परंतु आपली शेवटची पायरी म्हणजे सोळा अंकी संख्येचा वर्ग आहे, आणि माझी प्रत्येक पायरी म्हणजे एक साधी दुप्पट. पायऱ्यांची उंची कोणी मोजायची?

द्विमान

मांडवी यांचा आक्षेप अगदी योग्य आहे, म्हणून उंची मोजूनच टाकू. संगणकावर मोठ्या संख्यांचे काम करणाऱ्यांना हा हिशेब रोज करावा लागतो: किती गुणाकार केले यापेक्षा किती सुट्या अंकांना हात लावला, हे महत्त्वाचे असते.

दुपटीच्या मार्गात संख्या एक अंकापासून ३१ अंकांपर्यंत वाढते, सरासरी सोळाच्या आसपास धरावी, म्हणजे शंभर ओळींत सुमारे सोळाशे अंक लिहावे लागतात. वर्गाच्या मार्गात २^५० हा १६ अंकी आहे. त्याचा शाळेतल्या पद्धतीने वर्ग करताना १६ गुणिले १६, म्हणजे २५६ एकअंकी गुणाकार होतात. त्याआधी २^२५ हा आठ अंकी, त्याच्या वर्गाला ६४. त्याआधी २^१२ हा चार अंकी, त्याला १६. सर्व मिळून साडेतीनशेच्या आतच. त्यात बेरजांचे अंक मिळवले तरी वर्गाचा मार्ग पुढे राहतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: यांतील सुमारे तीन चतुर्थांश श्रम एकट्या शेवटच्या वर्गात आहेत. म्हणून गुणाकारांची संख्या आठावरून सातावर आणण्याचा खटाटोप करण्यापेक्षा तो शेवटचा वर्ग हुशारीने कसा करावा, याचा विचार अधिक फायद्याचा ठरतो.

हाताने करताना अंकांचे चार-चारांचे गट पाडावेत. २^२५ म्हणजे ३३५५४४३२. त्याचे ३३५५ आणि ४४३२ असे दोन तुकडे करावेत. ३३५५ चा वर्ग ११२५६०२५, ४४३२ चा वर्ग १९६४२६२४, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट २९७३८७२०. पहिला आठ घरे डावीकडे, तिसरा चार घरे डावीकडे सरकवून बेरीज केली की ११२५८९९९०६८४२६२४, म्हणजेच २^५०, मिळतो. पुढे त्याचे ११२५, ८९९९, ०६८४, २६२४ असे चार गट होतात, आणि शेवटच्या वर्गासाठी चार वर्ग व सहा जोडगुणाकार, असे दहाच गुणाकार करावे लागतात.

छंदोमयी

द्विमान यांनी तुकडे पाडून वर्ग केला, तो अ अधिक ब यांच्या वर्गाचाच नियम आहे. शाळेत तो पाठ करून घेतात. त्याचा असा उपयोग मात्र क्वचितच दाखवला जातो.

सिमरोल

मी इंदूरच्या आयआयटीत शिकतो. द्विमान दादांच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. तुकडे पाडण्याच्या या कल्पनेतूनच एक मोठा शोध लागला. दोन तुकड्यांच्या दोन संख्यांचा गुणाकार करताना सामान्यतः चार छोटे गुणाकार लागतात. लांबी दुप्पट झाली की श्रम चौपट होणारच, याहून चांगली रीत नसावी, असे कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर गणितज्ञाचे अनुमान होते. १९६० मध्ये मॉस्कोतील त्यांच्या चर्चासत्रात ते ऐकून तेवीस वर्षांच्या कारात्सुबाने काही दिवसांतच दाखवून दिले की तीन छोट्या गुणाकारांत भागते. पुढे १९७१ मध्ये श्योनहागे आणि स्ट्रासेन यांनी याहून फार वेगवान रीत काढली. संगणक प्रचंड घात काढतो तेव्हा पिंगलाची चढउतर आणि अशा वेगवान गुणाकाराची रीत या दोहोंची सांगड घातलेली असते.

अर्ध्याअर्ध्याचा मार्ग नेहमीच सर्वांत कमी पायऱ्यांचा असतो, असे मात्र नाही. पंधराव्या घातासाठी तो १, २, ३, ६, ७, १४, १५ असा जातो आणि सहा गुणाकार घेतो. परंतु १, २, ३, ६, १२, १५ असे गेले तर पाचच लागतात, कारण बाराव्या घाताला आधी काढून ठेवलेल्या तिसऱ्या घाताने गुणता येते.

लष्करकर

ग्वाल्हेरहून सर्वांना नमस्कार. आमच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात बागेची लांबी २७० हस्त आणि रोजच्या माळा ५०, असे आकडे कोरलेले असून दोन्हींतील शून्य आज आपण लिहितो तसेच वाटोळे आहे. २^१०० मधली शून्ये मोजताना त्याची आठवण झाली. स्थानाला किंमत देणारी ही लिपी नसती, तर द्विमान यांचे 'आठ घरे डावीकडे सरकवणे' कोणी कसे केले असते? रोमन आकड्यांत २^५० चा वर्ग करून दाखवणाऱ्यास माझ्यातर्फे बहादुरा स्वीट्सचे लाडू.

छप्पन

लाडू ग्वाल्हेरला येऊन खावे लागतील की इंदूरला पाठवण्याची व्यवस्था आहे, हे स्पष्ट झाल्याशिवाय मी रोमन आकड्यांना हात लावणार नाही.

स्नेहलतागंजकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार सुरेख मिळाले, सर्वांचे आभार. पहिला प्रश्न मात्र तसाच आहे. कसे काढायचे ते कळले. का काढायचे, ते अजून कोणी सांगितलेले नाही. लॉगने मिळणारे पहिले चार अंक आणि एकूण लांबी, एवढ्याने कोणाचे काय अडते?

छंदोमयी

काका, भास्कराचार्यांचे अडले होते. ११५० च्या लीलावतीत पिंगलाचीच रीत गुणोत्तर श्रेढीसाठी दिलेली आहे आणि तिच्यावर एक उदाहरणही आहे: अनुष्टुभात, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांत, सम, अर्धसम आणि विषम वृत्ते प्रत्येकी किती, ते सांग. सर्व चरण सारखे असलेली वृत्ते २^८, म्हणजे २५६. अर्धसम, म्हणजे एकाआड एक चरण सारखे असलेली, २^१६ मधून २^८ वजा, ६५२८०. आणि उरलेली सगळी विषम, २^३२ मधून २^१६ वजा, ४२९४९०१७६०. "सुमारे चारशे एकोणतीस कोटी" असे उत्तर त्यांना पुरले नसते, कारण मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करताना जी गंमत उरते, ती शेवटच्या अंकांतच उरते. लॉगच्या पहिल्या चार अंकांत २^३२ आणि हे उत्तर यांच्यात फरकसुद्धा दिसत नाही.

सिमरोल

छंदोमयी ताईंनी नेमके बोट ठेवले. संख्या केवढी आहे हे डावीकडचे अंक सांगतात, आणि ती कोणाकोणाने भागली जाते याची खूण उजवीकडच्या अंकांत असते. भाग जातो की नाही, हा प्रश्न "जवळजवळ" या शब्दाला जुमानत नाही.

मेर्सेन या फ्रेंच विद्वानांनी १६४४ मध्ये २^६७ − १ ही मूळ संख्या असल्याचे सांगितले होते. १९०३ मध्ये कोल या अमेरिकी गणितज्ञाने दाखवले की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे. त्यांनी सभेत फळ्यावर एक शब्दही न बोलता २^६७ काढून त्यातून एक वजा केला आणि मग शेजारी तो गुणाकार मांडला, अशी कथा सांगतात. यात एक अंक जरी इकडचा तिकडे झाला असता तरी सिद्धता उरली नसती.

रोजच्या व्यवहारातही तेच आहे. १९७७ मध्ये निघालेल्या आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीत संदेशाचा मोठा घात काढून एका प्रचंड संख्येने भागतात आणि फक्त बाकी ठेवतात. तेथे घातांक म्हणून बहुधा ६५५३७ घेतात, कारण तो २^१६ + १ आहे. म्हणजे सोळा वर्ग आणि एक गुणाकार, अशा सतराच पायऱ्या. प्रत्येक पायरीनंतर बाकी घेतल्यामुळे संख्या फुगतच नाही.

शिप्रा

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे यंत्रांबद्दल लिहिते. आमच्या कार्यालयातील शास्त्रीय गणकयंत्राला १०^१०० पासून पुढची संख्या झेपत नाही, म्हणून ते २^३३२ पर्यंत उत्तर देते आणि २^३३३ ला त्रुटी दाखवते. एक्सेलमध्ये २^१०२३ निघतो, पण २^१०२४ निघत नाही. त्याहून धोक्याची गोष्ट ही की एक्सेल पंधराच अंक खरे दाखवते. २^५० तेथे काढून सर्व अंक उघडून पाहिल्यास शेवट ...६२० असा दिसतो, खरा शेवट...६२४ आहे, हे द्विमान यांनी वर हातानेच काढून दाखवले आहे. त्रुटी दाखवणारे यंत्र बरे. शांतपणे शून्य लिहून मोकळे होणारे यंत्र मला अधिक भीतिदायक वाटते.

द्विमान

शिप्रा ताई, पायथन या भाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही; २^१०० सगळाच्या सगळा मिळतो. तेथेही एक गंमत आहे. २^१४२८४ छापायला सांगितला तर तो छापतो, कारण त्यात बरोबर ४३०० अंक आहेत. २^१४२८५ ला मात्र आवृत्ती ३.११ पासून मूळ मांडणीत त्रुटी येते. ती मर्यादा वाढवता येते. मुळात संख्या काढण्यात काहीच अडचण नसते. अडचण ती दशमान पद्धतीत लिहून दाखवण्यात आहे, आणि कोणी मुद्दाम अवाढव्य आकडे देऊन यंत्र अडकवून ठेवू नये म्हणून ही अडसर घातली आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत २^१४२८५ म्हणजे एकावर चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी शून्ये, त्यात गणित कसले? सगळे कष्ट आपल्या दहा बोटांमुळे पडतात.

तिनाच्या घातांना ही सवलत नाही. तेथे दोन्हीकडे मेहनत आहे.

स्नेहलतागंजकर

म्हणजे निदान लांबी तरी लॉगने निर्विवाद मिळते, एवढे माझ्या पदरात टाकावे.

नवशेष

काका, तेही अटीसहच टाकता येईल. लॉगमध्ये जी बारीक चूक असते, तिला घातांकाने गुणले जाते. चार अंकी लॉगच्या तक्त्यातून ०.३०१० घेतले तर २^१०० ची सुरुवात १.२५९ येते, खरी १.२६७ आहे. आपले पाच अंकी ०.३०१०३ शंभराव्या घाताला पुरते, परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या घ्यावी: २^१३६२७९८४१ − १. आपल्या लॉगने गुणाकार ४१०२४३२०.५३ येतो, म्हणजे अंक ४१०२४३२१. खरा लॉग ०.३०१०२९९९५६६ असा लांब घेतला तर ४१०२४३१९.९४ येतात, म्हणजे अंक ४१०२४३२०. एक अंक जास्त सांगणे म्हणजे संख्या दहापट सांगणे.

छप्पन

चार कोटी दहा लाख अंकांत एक अंक इकडेतिकडे झाला तर आमच्याकडे पोह्यावर शेव थोडी कमी पडल्याइतकेही वाईट वाटत नाही. तरीही नवशेष यांचे म्हणणे मान्य.

लष्करकर

विनंती झुगारून गहू काढतोच, कारण माळव्यात गव्हाशिवाय चर्चा पुरी होत नाही. चौसष्ट घरांतील दाणे २^६४ − १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरले तर हा ढीग सुमारे ७३८ अब्ज टन भरतो. छप्पन यांनी छावणीच्या मंडीत जागेची चौकशी करून ठेवावी.

संपादक

गव्हाचा विषय येथे संपला असे समजावे. कृपया घातांकडे वळावे.

शिप्रा

एक शंका. तीन नवांनी लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या म्हणून ९^(९^९) नेहमी सांगितली जाते. तिच्याबद्दल आपण कोणी काही सांगू शकाल का, की तेथे सर्वांचेच हात टेकतात?

सिमरोल

पूर्ण लिहायला घेतली तर हात टेकतात, परंतु तिची दोन्ही टोके हातात येतात. ९^९ म्हणजे ३८७४२०४८९. नवाच्या लॉगला, अर्थातच पुरेसे लांब घेऊन, याने गुणले की ३६९६९३०९९.६३ येतात, म्हणजे संख्येत ३६९६९३१०० अंक आहेत आणि सुरुवात ४२८ अशी आहे. एका पानावर तीन हजार अंक बसवले तर सव्वा लाखाच्या आसपास पाने लागतील.

उजवे टोक तर कागदावर निघते. नऊ म्हणजे दहा वजा एक. द्विपद प्रमेयाने विस्तार केला की शेवटच्या तीन अंकांवर फक्त तीन पदांचा परिणाम होतो, कारण पुढच्या प्रत्येक पदात हजार लपलेले असतात. घातांक विषम आहे, म्हणून पहिले पद वजा एक. दुसरे पद दहा गुणिले घातांक. घातांकाचा शेवट ८९, म्हणून ८९०. तिसरे पद वजा शंभर गुणिले घातांकातून दोन निवडण्याचे प्रकार. त्या प्रकारांच्या संख्येचा एकक अंक ६ येतो, म्हणून वजा ६००. एकूण २८९. सदतीस कोटींच्या घरातील अंकांपैकी शेवटचे तीन चार ओळींत मिळाले.

मांडवी

मूळ प्रश्नाकडे परत येतो. छंदोमयी ताई आणि द्विमान यांचे ऐकून मी दुपटीचा मार्ग सोडला आणि ३^१०० कागदावर काढला, कारण दोनाचे उत्तर कोणीही कोठूनही उतरवून घेऊ शकतो. ३^५ = २४३, ३^१० = ५९०४९, ३^२० = ३४८६७८४४०१; याला २४३ ने गुणून ३^२५ = ८४७२८८६०९४४३. वर्ग करून ३^५० = ७१७८९७९८७६९१८५२५८८७७०२४९. शेवटच्या वर्गासाठी चार-चार अंकांचे सहा गट, म्हणजे सहा वर्ग आणि पंधरा जोडगुणाकार. हे उत्तर चार-चारांच्या गटांत:

५१५३ ७७५२ ०७३२ ०११३ ३१०३ ६४६१ १२९७ ६५६२ १२७२ ७०२१ ०७५२ २००१

स्नेहलतागंजकर यांच्या लॉगने ४७.७१२ येतात, म्हणजे ४८ अंक आणि सुरुवात ५१५, तेवढे जुळते. मधल्या अंकांची हमी कोण देणार?

नवशेष

हमी पूर्ण देता येत नाही, परंतु बळकट साक्ष काढता येते. नऊ टाकून पाहण्याची, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून नवाची बाकी तपासण्याची, जुनी रीत येथे दुबळी आहे, कारण तिनाच्या घाताला नवाने भाग जाणारच, आणि अंकांची अदलाबदल झाली तर ती रीत पकडत नाही. त्याऐवजी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि आलटून पालटून अधिक-वजा करावे. १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३ असल्यामुळे एकाच बेरजेत तिघांची तपासणी होते.

आपल्या उत्तरातील अधिकचे गट ००१, १०७, २७२, ७६५, ४६१, ३३१, ७३२, ३७७, बेरीज ३०४६. वजाचे गट ५२२, ७०२, ६२१, १२९, ०३६, ०११, ५२०, ५१५; बेरीज ३०५६. फरक वजा दहा. त्याची बाकी सातावर ४, अकरावर १, तेरावर ३. आता स्वतंत्रपणे पाहावे: ३^६ ला सातावर एक उरतो, म्हणून ३^१०० ला ३^४, म्हणजे ८१ ची बाकी, ४. ३^५ = २४३ ला अकरावर एक उरतो, म्हणून १. ३^३ = २७ ला तेरावर एक उरतो, म्हणून ३^१०० ला ३. तिन्ही जुळतात. आपले अठ्ठेचाळीस अंक मी स्वीकारतो.

अकरासाठी अशाच रीतीने, पण एकेका अंकाचे गट घेऊन, २^१०० चा ताळाही पाहिला. १२६ ७६५० ६००२ २८२२ ९४०१ ४९६७ ०३२० ५३७६ यातील एकाआड एक अंकांच्या बेरजा ५८ आणि ५७ येतात, फरक एक. आणि २^१० ला अकरावर एक उरत असल्यामुळे एकच यायला हवा.

स्नेहलतागंजकर

मांडवी आणि नवशेष, हे दोन्ही प्रतिसाद मी छापून मुलांपुढे ठेवणार आहे. लांबी आणि सुरुवात लॉगने, शेवट बाकीने, मधला भाग वर्गांनी, आणि ताळा १००१ ने, असा पाठच तयार झाला. मुलांना पुढील उदाहरण ७^१०० द्यावे म्हणतो. लॉगने ८५ अंक आणि सुरुवात ३२३ येते.

सिमरोल

शेवटचे चार अंक मी सांगतो. ७^४ = २४०१, म्हणून ७^१०० हा २४०१ चा पंचविसावा घात. २४०० अधिक १ असा विस्तार केला की दुसरे पद २५ गुणिले २४००, म्हणजे ६००००. त्यापुढील पदांतही दहा हजार आहेतच. म्हणून शेवट ०००१.

मांडवी

मधले अठ्ठ्याहत्तर अंक मी घेतले. रविवारपर्यंत मुदत द्यावी, आणि नवशेष यांनी आपले १००१ तयार ठेवावे. मात्र साताच्या घाताला सातावर बाकी शून्यच उरणार, तेव्हा त्यांची एक साक्ष आधीच कमकुवत झाली आहे.

नवशेष

तिच्या जागी ३७ घेईन. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, म्हणून तेच तीन-तीनांचे गट नुसते मिळवले की झाले.